इन्स्पेक्टर आणि माझं नाक

"आणूया की त्यालाही," एवढंच मी म्हणालो. तीन शब्द. (लग्न झाल्यापासून घरातल्या निर्णयांत माझे सलग तीन शब्द चालून जाण्याचा हा पहिलाच प्रसंग, त्यामुळे मी जरा हुरळूनही गेलो.)

त्याचं असं झालं. माझ्या सासूबाई एकट्या राहायच्या. मुलींच्या शाळेत त्या तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या, म्हणून अख्खं गाव त्यांना मोठ्या बाई म्हणतं. एका सकाळी त्या बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या आणि दोन तास तशाच पडून राहिल्या. त्यांचा बोका खिडकीत बसून इतका ओरडला, की शेजारीण चिडून त्याला हाकलायला आली आणि तिला आत बाई दिसल्या. मनगटावर निभावलं. बायको म्हणाली, आता आईला आपल्याकडेच आणायचं. सासूबाईंनी प्लॅस्टरमधला हात वर करून सांगितलं, "त्याला टाकून मी येणार नाही." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी ते तीन शब्द बोललो.

सासूबाईंबद्दल जगात काहीही म्हणोत, माझं माझ्या सासूबाईंशी जमतं. घरात माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणाऱ्या त्या एकट्याच. (नंतर त्यात चुका काढतात, पण ऐकतात.) बोक्याचं नाव इन्स्पेक्टर. पहिल्याच दिवशी त्याने प्रत्येक खोलीची तपासणी केली, कपाटात शिरून बाहेर आला आणि शेवटी माझ्या उशीवर बसला. तपासणीचा अहवाल माझ्याविरुद्ध गेला असावा, कारण उशी त्याने परत दिली नाही.

तिसऱ्या दिवशी मला शिंका सुरू झाल्या. एक-दोन नव्हे, सात-सातच्या जुडीने. बायको म्हणाली, पंख्यावरची धूळ. पंखे पुसले. मग पडदे धुतले. साबण बदलला, गॅलरीतली फुलझाडं वरच्या मजल्यावर गेली, गाद्या उन्हात गेल्या. माझ्या आवडीचं जुनं स्वेटर कुठे गेलं ते मला अजून कळलेलं नाही. नाक मात्र वाहतच होतं, डोळे चुरचुरत होते, आणि इन्स्पेक्टर मांडीवरून उठला की मनगटावर गांध उठायची.

पुढे कंपनीने नवं यंत्र शिकवायला आम्हा चष्मेवाल्यांना दोन दिवस बाहेरगावी नेलं. (माझं चष्म्याचं दुकान आहे; मागच्या खोलीत मी डोळेही तपासतो.) तिथे एक शिंक नाही. नाक असं मोकळं, की मला हॉटेलच्या जिन्याचाही वास येत होता. परत आलो, दार उघडलं, इन्स्पेक्टर पायाला अंग घासून गेला आणि मी बूट काढायच्या आत सात शिंका दिल्या. मी अकलेचा कांदा असलो तरी तेवढं गणित मला सुटलं.

सुटलं, पण सांगणार कोणाला? बोका गेला तर सासूबाई जाणार, त्या गेल्या तर पुन्हा ती ओली फरशी आणि त्या एकट्या. मी गप्प राहायचं ठरवलं. सर्दी आहे म्हणायचं, खिशात दोन रुमाल ठेवायचे आणि मांजर हा शब्द घराबाहेरसुद्धा उच्चारायचा नाही, कारण आमच्या गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही.

आणि दुकानात एक दिवस भरतकाम शिकवणाऱ्या बाई नंबर तपासायला आल्या. मी दिवा मालवला, तक्ता उजळला.

"खालची ओळ वाचा."

"तुम्ही रडताय का?"

"नाही. खालची ओळ."

"ट, प, म... घरी सगळं ठीक आहे ना?"

"अगदी ठीक. सासूबाई राहायला आल्यात."

बाईंनी 'च्च' केलं. "किती दिवस झाले?"

"सहा आठवडे."

"आणि तेव्हापासून हे असं?"

"तेव्हापासूनच," मी रुमालात म्हणालो. माझ्या डोक्यात अर्थातच शिंका होत्या.

"काही उपाय?"

"काय करणार. घराबाहेर काढता तर येत नाही, बायकोचा जीव आहे. झोपायच्या खोलीचं दार लावून घेतलं तर बाहेरून दारावर ओरखडणं चालू."

बाईंनी अंधारातच माझ्या हातावर थोपटलं आणि नंबर न काढताच निघून गेल्या. मला वाटलं, भली बाई आहे. भली ती होतीच. फक्त ती चौथी ते सातवी माझ्या सासूबाईंच्या शाळेत होती, हे मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर हॉलमध्ये सासूबाईंची बॅग भरून तयार. शेजारी इन्स्पेक्टरची टोपली. बायको स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी. ती काही बोलत नव्हती, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"जावईबापू, बसा," सासूबाई म्हणाल्या. "खरं काय ते सांगायचं. शिक्षा होणार नाही."

मी बसलो.

"मी दारावर ओरखडते?"

जन्मात मला इतका अवघड प्रश्न कोणी विचारलेला नाही. "आई, तुम्ही नाही," मी म्हणालो. "तो..." आणि तेवढ्यात तो टोपलीतून उठून माझ्या मांडीवर येऊन बसला. मी सात शिंका दिल्या, मग घटकाभर थांबून आणखी चार.

"रडता म्हणे तुम्ही दुकानात माझ्यामुळे," सासूबाई म्हणाल्या. आवाज मुख्याध्यापिकेचाच होता, पण प्लॅस्टर काढलेला हात पदराशी चाळा करत होता. "माझी विद्यार्थिनी स्वतः सांगून गेली. मला आधी सांगायचं होतंत. मी काही आंधळी नाही, पण रोज सकाळी लाल डोळ्यांनी चहा घेणाऱ्या माणसाला सर्दी झालीय असंच मी समजत राहिले."

"सर्दी नाही. तुम्हीही नाही. मांजर आहे," मी एका दमात म्हणालो.

"हात दाखवा."

मी बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत नकाशा उठला होता. बायकोने घडी सोडली आणि जवळ येऊन पाहिलं.

"किती दिवस?" सासूबाईंनी विचारलं.

"सहा आठवडे."

"आणि बोलला का नाहीत?"

"तुम्ही परत गेला असता."

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाल्या, "माझ्या शाळेत अशा मठ्ठ मुली असायच्या एकेक. उत्तर येत असून हात वर करायच्या नाहीत." आणि बायकोला म्हणाल्या, "बॅग आत ने. उद्या यांना डॉक्टरकडे न्यायचं आहे."

डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातावर दहा थेंब ओळीने ठेवले, प्रत्येकावर सुईचं टोक टेकवलं आणि पंधरा मिनिटं थांबायला सांगितलं. सासूबाई समोर खुर्ची घेऊन बसल्या. परीक्षेत पर्यवेक्षक बसतात तशा. मी बोट हलवलं तरी "खाजवायचं नाही" अशी सूचना येई. धुळीचा थेंब तसाच राहिला. परागकणांचा तसाच. मांजराच्या थेंबाखाली मात्र शर्टच्या बटणाएवढी गांध टरारून वर आली. (आयुष्यात एका विषयात मी वर्गात पहिला आलो.)

"केसांमुळे ना?" बायकोने विचारलं.

"केसांपेक्षा त्याच्या लाळेमुळे आणि अंगावरच्या कोंड्यामुळे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मांजर अंग चाटतं, ते वाळतं आणि हवेत उडतं."

"फार स्वच्छ आहे तो," सासूबाई दुखावल्या स्वरात म्हणाल्या. "दिवसभर अंग चाटत असतो."

"तेच सांगतेय मी. सगळ्यात उत्तम उपाय म्हणजे मांजर घरात न ठेवणं."

सासूबाई पर्स उचलून उठायच्या बेतात होत्या. "ठरलं तर मग. आम्ही दोघं..."

"दुसऱ्या क्रमांकाचा उत्तम उपाय कोणता?" मी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे, आणि हसून कागद पुढे ओढला. दम लागणं, छातीत घरघर असलं काही नाही याची त्यांनी आधी खात्री करून घेतली; तसं झालं तर ताबडतोब यायचं, तिथे माया चालणार नाही, असं बजावलं. त्रास कमी होईल, पण पूर्ण जाईलच असं नाही, हेही सांगितलं.

मग आमच्याकडे सासूबाईंचं राज्य सुरू झालं. फ्रिजवर वेळापत्रक लागलं, लाल शाईत. झोपायच्या खोलीत इन्स्पेक्टरला कायमची बंदी. गालिचा गुंडाळून माळ्यावर. केर काढण्याऐवजी ओलं फडकं, चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात, कोपऱ्यात हवा गाळणारं यंत्र. बोक्याला विंचरायचं ते बायकोने आणि गॅलरीत. मला गोळी, नाकात फवारा, आणि बोक्याला हात लागला की आधी साबणाने हात धुवायचे, मगच चेहऱ्याला लावायचे. सासूबाई विचारायच्या, "धुतले?" मी म्हणायचो, "हो." मग त्या हातांचा वास घ्यायच्या. माझ्या वयाच्या बावन्नाव्या वर्षी.

पण गुण आला. तीन आठवड्यांनी भरतकामाच्या बाई राहिलेला नंबर काढायला आल्या तेव्हा माझे डोळे कोरडे होते. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "गेल्या का?" मी म्हणालो, "नाही, आता दार उघडं ठेवतो." (खरं तर आणखी घट्ट लावतो, पण बाईंना बरं वाटलं.)

आता मला वेगळाच मोह पडला. इतके दिवस तो मांडीवर यायचा आणि मी शिंकायचो. आता नाक शाबूत असताना एकदा तरी त्याला नीट मांडीवर घ्यावं. डॉक्टरीणबाईंनी फोनवर रविवारी दहा मिनिटांची परवानगी दिली. मी जय्यत तयारी केली. गोळी घेतली. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, दुकानातला पांढरा कोट, डोळ्यांवर कामाचा बंद चष्मा. मांडीवर धुतलेली चादर पसरून सोफ्यावर बसलो आणि गोड आवाजात हाक मारली.

इन्स्पेक्टर दारात आला. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पाठ कमानीसारखी वर गेली, शेपूट बाटली धुवायच्या ब्रशसारखी झाली, आणि पुढच्या क्षणी तो सासूबाईंच्या पलंगाखाली अगदी भिंतीला टेकून बसला. संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही.

"त्याला वाटलं, सुई टोचायला जनावरांचे डॉक्टर घरी आले," बायको म्हणाली.

तेव्हापासून मी साध्या शर्टात असलो तरी तो माझी सावलीसुद्धा अंगावर पडू देत नाही. मी हॉलमध्ये आलो की तो उठतो आणि भिंतीकडेने निघून जातो.

महिन्याभराने तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "फारच सुधारणा आहे. बोक्यापासून अंतर ठेवणं बहुतेकांना जमत नाही, लळा असतो ना. तुम्हाला कसं जमलं?"

"मनोनिग्रह," मी विनयाने म्हणालो.

मागच्या खुर्चीवरून सासूबाई म्हणाल्या, "खरं सांगायचं. तो यांना दारात उभं करत नाही."