बाली ते लोंबोक, अर्धा तास

माझा फोन चार्जिंगला होता, म्हणून अजमेरच्या गाडीला किती उशीर आहे ते बायकोच्या फोनवर बघायचं ठरवलं. (मला कुठेही जायचं नव्हतं. पण रेल्वेत हयात गेलेल्या माणसाला कुठलीतरी गाडी लेट आहे हे कळल्याशिवाय चहा गोड लागत नाही.) गाडी राहिली बाजूला. प्रभावतीच्या फोनवर आधीच काहीतरी शोधलेलं होतं : 'बाली ते लोंबोक, विमानाने अंतर आणि वेळ.'

चहा तिथेच कडू झाला.

पुढच्या महिन्यात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. आजवर प्रभावतीला मी भुसावळपासून जम्मूपर्यंत हिंडवलंय, सगळं रेल्वेच्या पासावर. आणि ही तर दोन्ही बेटं! समुद्रात रूळ नाहीत, म्हणजे माझा पास नाही, म्हणजे माझा पत्ता कट. नवरा पोचणार नाही अशी जागा हिने शोधून काढली होती. तीही एक नाही, दोन!

"प्रभा, लोंबोक कुठे आलं गं?" मी अगदी सहज विचारलं.

"मला काय ठाऊक? जयपूरबाहेर चौमू गावाच्या पुढे असेल." तिने पिशवी उचलली. "राजा पार्कच्या बाजारात भाजीला जाऊन येते."

आमच्या जवाहर नगरात भाजी दारात येते. संशयाला आणखी काय लागतं? मी माकडटोपी चढवली, काळा चष्मा लावला आणि मागोमाग निघालो. (मे महिन्यात जयपुरात माकडटोपी घालून लपता येत नाही. दोघांनी थांबवून 'तबीयत ठीक है, अंकल?' विचारल्यावर हे कळलं.)

प्रभावती एका ट्रॅव्हल एजंटच्या दुकानात शिरली. मी दारातल्या बॅनरआड उभा राहिलो.

"बाली तक दो टिकट, मॅडम," विनय नावाचा तो एजंट म्हणाला. "आप और सरजी."

माझा जीव भांड्यात पडला.

"और बाली से लोंबोक सिर्फ एक. आपका."

भांडंच फुटलं! टोपी उपटून मी पुढे झालो. "प्रभा! कोण आहे त्या लोंबोकला?"

ती दचकलीसुद्धा नाही. "कोणी नाही. म्हणून तर चाललेय."

"म्हणजे?"

"अहो, पंचवीस वर्षं मला गाडीत डोळा लागला की तुम्ही उठवून सांगता, इटारसी आलं, गाडी लेट आहे. सामानाला साखळी बांधता, किल्ली मला देता आणि रात्रभर विचारता, किल्ली आहे ना? बालीला तुमच्यासोबत हौसेने फिरेन. सरप्राइज द्यायचं होतं तुम्हाला. पण दोन दिवस मला एकटीला झोपू द्या."

खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. तिकडे कोणी माणूस नव्हता, नुसती झोप होती! मी विनयकडे वळलो. "विमान को टाइम कितना लगता है?"

"आधा घंटा, सरजी."

"एवढंच? अगं, मग काळजी कसली! मी रोज सकाळी अप करीन, रात्री डाऊन. तुला जराही एकटं वाटू देणार नाही!"

प्रभावतीने माझ्याकडे पाहिलंच नाही. खुर्ची पुढे ओढत ती विनयला म्हणाली,

"भैयाजी, इससे दूरवाला कोई टापू दिखाइए."