फुगापाव बसण्याआधी

शकु सून होऊन बोरीवलीच्या चाळीत आली खरी, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ! विचारलं तर "हो", नाहीतर "नको". नवरा भीमराज कारखान्यात पाळीवर आणि ही दिवसभर खिडकीत. शेवटी तिच्या भावाचा, शिवदासचा, गावाहून निरोप आला की रविवारी येतो नि शकुला घेऊन जातो. परत कधी पाठवणार, त्याबद्दल अक्षर नाही.

सासरे कुंडलिकराव हबकलेच. पोटची लेक नव्हती, या मुक्या पोरीवरच त्यांचा सगळा जीव.

"मीरा, पोरगी गेली तर परत यायची नाही बघ. मी फुगापाव करतो. खुशच होईल!"

"झालं! आता इतिहास ऐका," सासूबाई, म्हणजे मीराबाई, म्हणाल्या.

कुंडलिकराव तरुणपणी देवळालीला गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर बावर्ची होते. "विलायतेत शेकत्या मटणाखाली अंड्याचं पीठ ठेवायचे, वरून चरबी टपटप गळायची. तोच पदार्थ बोटीत बसून अमेरिकेला गेला नि वाट्यांत फुगायला लागला. ना खमीर, ना सोडा! साहेब त्याला पॉपओव्हर म्हणायचा, मी फुगापाव." बोटीत नेमका कोण बसला होता, ते दर वेळी बदलायचं.

रविवारी शेजारच्या सुलक्षणाबाईंचा विजेचा गोल ओव्हन आणला, पाठोपाठ त्याही आल्या. अंडी, दूध, मैदा फेटून वाट्या आत गेल्या. शिवदास येऊन टेकला आणि त्याच वेळी फुगापाव बाहेर आले. काय टम्म फुगलेले, अहाहा!

"शिवदासराव, उचला लवकर! गार झाला की बसतो."

"छे छे! वडीलधाऱ्यांच्या आधी? तुम्ही घ्या."

"पाहुण्याच्या आधी मी? कसं दिसतं ते!"

"ओव्हन सुलक्षणाबाईंचा. मान त्यांचा," मीराबाई म्हणाल्या.

"अगं बाई, मी घरचीच! पाहुण्यांना द्या ना."

ताट चार हातांतून फिरलं आणि पुन्हा कुंडलिकरावांपुढे आलं. तोवर सगळे फुगापाव बसून चामट झाले होते. कुंडलिकरावांचा चेहराही तसाच पडला.

"वाट लागली," ते पुटपुटले. उरलेलं पीठ त्यांनी कसंबसं वाट्यांत ओतलं. ओव्हनसमोर पाठमोरे बसून राहिले, इतिहास सांगायचंही सुचेना.

दुसरा घाणा निघाला. शिवदासने पुन्हा हात जोडले. "मामा, आधी तुम्ही..."

तेवढ्यात पदर सावरत शकु पुढे झाली आणि तिने एक फुगापाव उचलून सरळ तोंडात घातला. सासऱ्यांच्या आधी, पाहुण्यांच्या आधी!

"अगं!" मीराबाईंचा हात कपाळावर गेला.

"हा... भाजलं! झकास आहे!" शकुच्या तोंडातून वाफ निघत होती. "मामाजी, साहेबाकडे असाच लागायचा का?"

कुंडलिकराव हळूच म्हणाले, "काय माहीत, पोरी. टेबलावर गेलेला एकही कधी परत आला नाही. मी चाखलाच नाही कधी."

शकुचे डोळे भरून आले. दुसरा फुगापाव मोडून तिने अर्धा त्यांच्या हातात कोंबला. "खा आधी! बसायच्या आत खा!"

त्यांनी खाल्ला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"अरेच्चा," कुंडलिकराव ओल्या डोळ्यांनी म्हणाले, "ह्यात तर काहीच नाही! आत नुसती हवा!"

शकु खो खो हसत सुटली, हसता हसता खालीच बसली. त्या घरात तिचं हसू कोणी ऐकलं नव्हतं.

"दादा," ती डोळे पुसत म्हणाली, "तू जा पुढे. मी दिवाळीला येईन चार दिवस. तोवर मामाजींना पोटभर खाऊ घालते."