खानझोडे साहेबांचा खडू

खानझोडे साहेब घरातून निघताना चष्मा विसरतील, चपला उलट्या घालतील, पण खिशात खडू नाही असं कधी होणार नाही. भाजीवालीच्या टोपलीतलं वांगं उचलतात, कानाशी नेतात, टिचकी मारतात. आवाज पसंत पडला नाही तर त्याच्यावर खडूनं फुली मारून परत टोपलीत ठेवतात.

"बाबूजी, बैंगन पे निशान लगाओगे तो लेगा कौन?" ती ओरडते.

"कोई न ले, इसीलिए तो लगाया," साहेब म्हणतात आणि भोपळ्याकडे वळतात.

हा रोग तोफगोळ्यांच्या फॅक्टरीतला. सगळी नोकरी यांनी तपासणीत काढली. तयार माल यांच्या टेबलावर यायचा. ते तो ठोकायचे, मोजायचे, त्याला कान लावायचे. बरोबरची खूण पडली की माल गेटबाहेर, फुली पडली की परत शेडमध्ये. मी तिथंच मजूर होतो. माल ढकलत आणायचो मी, आणि फुली पडली की ढकलत परत न्यायचो तोही मीच. या माणसानं माझी अर्धी जिंदगी उलटी ढकलायला लावली.

रिटायर झाल्यावर मी आमच्या रांझी वस्तीत बस स्टॉपजवळ बापाचं सायकल दुरुस्तीचं दुकान पुन्हा उघडलं. शाळा मी चौथीपर्यंत केली, तीही बहुतेक वर्गाबाहेर उभं राहून. पण पंक्चरच्या बाबतीत मला कोणी शिकवायचं नाही. खानझोडे साहेबांनी मात्र रिटायर होऊन काहीच उघडलं नाही. ते तपासतच राहिले.

"पास नाही" हा त्यांचा मंत्र. गल्लीतले मिश्राजी वारले. तिरडी तयार, चौघं खांदा द्यायला वाकले, तर हे पुढं. "रुको." बांबू हलवून पाहिला. "पास नाही. डावीकडची गाठ ढिली आहे." रडणाऱ्या बायका रडायच्या थांबल्या. मिश्राजींचा मुलगा लाल झाला. शेवटी गाठ सोडून पुन्हा बांधली, तेव्हा कुठं मिश्राजींना गेटबाहेर जाता आलं. आता खरं सांगायचं तर गाठ ढिलीच होती. मला माहीत आहे, कारण बांधली मी होती.

माझ्या दुकानातल्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे. त्याच्यावर यांची फुली ठरलेली. मी म्हणायचो, "दुकान माझं, स्टूल माझा, त्याच्यावर हलणारं बूड माझं. तुमचं काहून पोट दुखते जी?"

"उद्या पाहतो नीट केला का," म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी हजर. मी काही नीट करत नव्हतो. कोणी सांगितलं म्हणून मी श्वासही घेत नाही.

साहेबांच्या हातून फुली न पडलेला माल जगात एकच, त्यांची मुलगी मीनू. ती बेंगळुरूला नोकरीला गेली. बायको आधीच देवाघरी गेलेली. म्हणजे घरात साहेब, कुकर आणि मीनूची महागडी सायकल. सायकल व्हरांड्यात उभी. साहेबांना ती चालवता येत नाही, पण रोज सकाळी बाळाला न्हाऊ घालावं तशी ते ती पुसायचे.

दसऱ्याच्या आसपास मीनूचा फोन आला. तिकडं ऑफिसला सायकलनं जायचं म्हणते. रस्त्यावर खिळे फार, म्हणून टायर ट्यूबलेस करून ठेवा, सामान पाठवते. हवा टिकली तर दिवाळीला येऊन सायकल रेल्वेनं नेते. नाही टिकली तर राहू द्या इथंच, तिकडं दुसरी पाहीन.

साहेब सायकल आणि पार्सल घेऊन माझ्याकडं आले. पार्सलमध्ये चिकटपट्टीचं रीळ, हवा भरायचे नव्या तऱ्हेचे दोन वाल आणि एक बाटली. बाटलीत रुईच्या चिकासारखं पांढरं पाणी.

"गुलाबराव, ट्यूब काढून टाका."

"अन् हवा कुठं राहीन? माझ्या टोपीत?"

"टायरमध्येच राहते म्हणे. मीनूनं मोबाईलवर पाठवलं आहे, पाहून घ्या."

"मोबाईल खिशात ठेवा. तुमच्या मोबाईलनं किती पंक्चर काढले?"

तर मी माझ्या पद्धतीनं लागलो. आमच्या धंद्यात एक नियम आहे: घासल्याशिवाय चिकटत नाही. ट्यूबला ठिगळ लावायचं तर आधी कानशीनं घासायचं. तसं मी रिम आतून खरखरीत घासलं आणि पट्टी लावली. टायर चढवला, चीक ओतला, पंप मारला. जेवढी हवा आत जात होती तेवढी चाकाच्या तारांच्या भोकांतून बाहेर येत होती, आणि हवेबरोबर चीकही. शेजारचा चहावाला म्हणाला, "काका, साइकिल दूध दे रही है. लगे हाथ चाय चढा दूँ?"

ही पट्टी घासलेल्यावर नाही, काचेसारख्या गुळगुळीत जागेवर बसते. हे मला कोणी सांगितलं नाही. म्हणजे मोबाईल सांगत होता, पण मी त्याला खिशात घालायला लावलं होतं.

रिम बारीक रेगमाल कागदानं पुन्हा गुळगुळीत केलं, पुसलं, पट्टी ओढून ओढून नवीन लावली. आता टायरची कडा रिमच्या खाचेत बसायला हवा एकदम जोरात पाहिजे, हातपंपाचं काम नाही. सायकल घेऊन आम्ही दोघं गोहलपुरला एका ट्रकवाल्या वर्कशॉपात गेलो. तिथं कॉम्प्रेसर लावला आणि टायर "फट्ट! फट्ट!" करून खाचेत बसला. पहिल्या "फट्ट"लाच खानझोडे साहेब जमिनीवर आडवे. कानावर हात, तोंड मातीत. फॅक्टरीची सवय. ट्रकवाले पोटं धरून हसले. साहेब उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "आवाज पास."

चाक फिरवून, आडवं करून, हलवून चीक सगळीकडं पोचवला. साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही. मी छाती काढून उभा राहिलो. साहेबांनी टिचकी मारली, कान लावला, खडू काढला, टायरजवळ नेला आणि परत खिशात ठेवला.

"निगराणीत ठेवू," म्हणाले.

"काहून? कमी काय आहे?"

"निगराणीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब सायकल घेऊन दुकानाच्या दारात. मागचं चाक हवा जाऊन बसलेलं. मी हवा भरली, टबात बुडवलं. बुडबुडा नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोजच. बस स्टॉपवर हसायला सुरुवात झाली. "काका की सील, सुबह की ढील." ज्या हातानं लावलेलं ठिगळ ट्यूबपेक्षा जास्त जगते, त्या हाताची ही इज्जत! दिवाळी जवळ आली. मीनूचं तिकीट निघालेलं. मला झोप लागेना. एवढं झालं तरी साहेबांनी टायरवर फुली मारली नाही, हे मला विचित्र वाटायचं. वांग्याला एका टिचकीत नापास करणारा माणूस, आणि इथं नुसतं "निगराणीत."

शेवटी एका दुपारी मी ठरवलं, भोक जिथं झोपते तिथंच जाऊन पकडतो. दुकान बंद करून त्यांच्या घराकडं गेलो. फाटक उघडंच होतं. साहेब व्हरांड्यात पाटावर बसलेले, माझ्याकडं पाठ. वालची टोपी काढून मांडीवर ठेवलेली. नखानं वाल दाबून धरला होता आणि हवा "सुंऽऽ" करत निघून राहिली होती.

"अबे!" माझ्या तोंडून निघालं. साहेबाला "अबे" मी पहिल्यांदाच म्हटलं. "हवा काहून सोडून राहिले?"

ते दचकले नाहीत. टोपी परत फिरवून लावली, वाल फडक्यानं पुसला.

"पास झालेला माल गेटबाहेर जातो, गुलाबराव," म्हणाले.

मी सायकलीकडं पाहिलं. ती सोडली तर सारा व्हरांडा रिकामा.

"अन् माझं नाव? सारी रांझी हसून राहिली माझ्यावर."

"चहा घेता का?"

"तुमचा चहा पास नाही," म्हटलं आणि निघालो. कोणाला बोललो नाही. लोक हसत राहिले, मी हवा भरत राहिलो.

दिवाळी झाली. जायच्या दिवशी मीनू बापाला घेऊन दुकानावर आली. सायकल सोबत. बस स्टॉपवरचे रिकामटेकडे गोळा झाले.

"काका, टायर हो गया ना? नेऊ ना मी?"

मी साहेबांकडं पाहिलं. साहेब रस्त्याकडं पाहत होते, जशी कुठली बस त्यांच्यासाठीच येणार आहे.

"नाही, बेटा," मी म्हटलं. "माझ्याच्यानं नाही झालं. हवा जाते. काम कच्चं राहिलं."

चहावाल्याचं दूध उतू गेलं. या तोंडातून असं वाक्य रांझीनं कधी ऐकलं नव्हतं. मीही नाही.

"अच्छा... चलो, मग राहू दे इथंच," मीनू म्हणाली.

"कोण म्हणते कच्चं?"

साहेब पुढं आले. टायरला टिचकी मारली. कान लावला. चाक फिरवलं, थांबेपर्यंत पाहत राहिले. मग माझ्यावर भडकले, "तपासणारा मी. तुम्ही कोण नापास करणारे? खोट्या फुलीचा माल माझ्या टेबलावरून गेला नाही अन् जाणार नाही." आणि खडू काढून टायरवर बरोबरची खूण केली. खूण वाकडी आली. सगळ्या नोकरीत त्यांची खूण मी वाकडी पाहिली नव्हती.

मीनू सायकल घेऊन गेली. टायर तिकडं मस्त चालतो म्हणे. हवा महिना महिना हलत नाही. हलणारच नाही, हात कोणाचा?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडलं तर साहेब आधीच उभे. हातात सायकल नाही, पिशवी नाही, काही नाही. हात कुठं ठेवावा हे त्यांना समजत नव्हतं. थोडा वेळ पंपाकडं पाहिलं. थोडा वेळ टबाकडं.

मी आतला स्टूल आणून त्यांच्यापुढं आदळला. तो डुगडुगला.

त्यांनी वाकून पाहिलं. खडू काढला, फुली मारली.

"पास नाही. उद्या पाहतो."

"पाहा," मी म्हटलं. "नीट तर मी करत नाही."

तेव्हापासून रोज येतात. फुली रोज नव्यानं मारावी लागते, कारण मारून झाली की साहेब त्याच्यावरच बसतात आणि ती पुसली जाते.