सात दात आणि एक घंटा

सोमवारी तिसऱ्या तासाला दुसरी ‘ब’च्या वर्गात चिमणी धडा वाचायला उभी राहिली आणि ती दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचते न पोचते तोच तिच्या शेजारणीने हात वर करून सांगितलं, "बाई, हिचा दात गेला."

चिमणीचा तो दात म्हणजे सगळ्या वर्गाची सामाईक मालमत्ता होती. वरचा, पुढचा, डावीकडचा. दहा दिवस तो हलत होता. रोज हजेरीच्या आधी निम्मा वर्ग चिमणीभोवती गोळा व्हायचा. जिच्याशी तिची गट्टी तिला बोट लावायची परवानगी होती, बाकीच्यांनी नुसतं लांबून बघायचं. एरवी चिमणी कोणाच्या अध्यातमध्यात नसणारी, मागच्या बाकावरची मुलगी. पण या दहा दिवसांत तिला खिडकीजवळची जागा मिळाली होती, आणि तीही न मागता.

बाईंनी विचारलं, "कधी पडला गं?"

चिमणीने जिभेने फट चाचपली, वर्गाकडे एकदा पाहिलं, "आत्ताच," म्हणाली आणि भोकाड पसरलं.

बाईंना नोकरी लागून जेमतेम दहा महिने झाले होते. महिनाअखेरीला कायम झाल्याचं पत्र मिळायचं होतं आणि त्यावर सही करणार होत्या मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. मोठ्या बाईंचं ऑफिस भिंतीपलीकडेच होतं आणि त्यांना वर्गातून येणाऱ्या आवाजांपैकी फक्त पाढे चालत. चिमणीचा सूर पाढ्यांत बसण्यासारखा नव्हता. तो आधी गप्प करायला हवा म्हणून बाई घाईघाईने बोलून गेल्या, की जो दात शोधून देईल त्याला एक दिवस शाळेची घंटा वाजवायला मिळेल. नुसतं बोलल्या असत्या तर एक वेळ निभावलं असतं. पण शिक्षकाची सवय वाईट. त्यांनी ते वाक्य फळ्यावरही लिहिलं.

वर्ग एकदम चिडीचूप झाला. चिमणीसुद्धा हुंदका अर्ध्यावर सोडून फळा वाचू लागली.

घंटा व्हरांड्यात टांगलेली होती, पितळी, चांगली कळशीएवढी. एक टोला म्हणजे तास बदलला, दोन टोले म्हणजे मधली सुटी आणि थांबेपर्यंत घणघणाट म्हणजे शाळा सुटली. बावीस वर्षं तिच्या दोरीला शिपाईकाकांशिवाय कोणाचाही हात लागलेला नव्हता. एकदा मोठ्या बाईंनी कौतुकाने हात पुढे केला होता, तेव्हाही काकांनी मध्ये उभं राहून "तेल लावलंय, हात खराब होतील," असं सांगितलं होतं.

चौतीस मुलं बाकांखाली शिरली. अर्ध्या तासात तीन खोडरबर, एक शर्टाचं बटण, आधीच्या बाईंचं कानातलं आणि गेल्या वर्षी हरवलेलं एक प्रगतिपुस्तक सापडलं. दात काही सापडेना. मग टोपी नावाने ओळखला जाणारा मुलगा बाईंच्या टेबलाशी आला आणि त्याने मूठ उघडली. तळहातावर दात होता.

चिमणीने तो नीट उलटसुलट करून पाहिला आणि आपला नसल्याचं सांगितलं.

"कुठे सापडला?" बाईंनी विचारलं.

"तोंडात," टोपी म्हणाला. बोलताना शीळ वाजली.

बाईंनी समजावलं, की असं चालणार नाही. टोपीने अदबीने फळ्याकडे बोट केलं. फळ्यावर ‘जो दात शोधून देईल’ एवढंच होतं, कोणाचा ते नव्हतं. बाईंनी खडू घेऊन ‘दात’च्या आधी ‘चिमणीचा’ घातलं, पण तोवर उशीर झाला होता. दुसरीच्या वर्गात ज्याच्या तोंडात एखादा दात हलत नाही असं मूल विरळा. जो तो आपापला साठा तपासत होता. चिमणीला दिला म्हणजे तो चिमणीचाच झाला, असा अर्थ पहिल्या रांगेने लावला आणि मागच्या रांगांनी तो उचलून धरला. मधल्या सुटीपर्यंत टेबलावर पाच दात जमले. एकीने तर "उद्यापर्यंत थांबाल का, माझा थोडाच राहिलाय," अशी मुदत मागितली.

अडचण होती ती इंजिनची. इंजिन हा वर्गातला सर्वांत दणकट मुलगा आणि त्याचा एकच दात हलत होता, तोही नावापुरता. त्याने दप्तराच्या पट्ट्याचा दोरा उसवला, एक टोक दाताला बांधलं, दुसरं वर्गाच्या दाराच्या कडीला आणि तो शांतपणे वाट पाहत उभा राहिला. दार बाहेर उघडणारं होतं.

त्याच वेळी मोठ्या बाई हा कसला आवाज म्हणून बघायला आल्या आणि त्यांनी नेहमीप्रमाणे दार खाडकन उघडलं.

आपण काय केलं हे त्यांना आधी कळलंच नाही. कडीला दोरा लोंबत होता, दोऱ्याच्या टोकाला दात होता आणि समोर तोंडभर हसणारा एक मुलगा त्यांचे आभार मानत होता. मोठ्या बाई खुर्चीवर बसल्या. त्यांना पाणी दिलं. पाणी प्यायल्यावर त्यांच्यातली मुख्याध्यापिका जागी झाली आणि त्यांनी आज्ञा केली, की प्रत्येक दात नावाच्या चिठ्ठीवर ठेवा, नोंद करा आणि शाळा सुटताना पालकांच्या ताब्यात द्या. बाईंनी टेबलावर ओळीने चिठ्ठ्या मांडल्या. इतक्यात मोठ्या बाईंना पुन्हा घेरी आल्यासारखं झालं, म्हणून कोणीतरी पंखा लावला. चिठ्ठ्या खिडकीतून गेल्या. दात टेबलावर राहिले.

मग मुलांना रांगेत उभं करून, आ करायला लावून, कोणता दात कोणत्या फटीत बसतो ते बाई बघू लागल्या. मोठ्या बाई चष्मा लावून नोंद करत होत्या. सहा मुलांचे सहा दात जुळले. टेबलावर एक उरला. शिवाय तो चांगलाच मोठा होता, दाढच होती ती, आणि तिच्यात चांदी भरलेली होती.

दुसरीतल्या कोणाच्या दाढेत चांदी असेल हे कोणालाच पटेना. मोठ्या बाईंनी ती कागदावर घेऊन वर्गभर फिरवली. शेवटी दाराशी घुटमळणाऱ्या शिपाईकाकांनी घसा खाकरला.

"माझी आहे," ते म्हणाले. "तीन महिन्यांपूर्वी काढली. किल्ल्यांच्या खणात होती. चिठ्ठ्या उडाल्या त्या गडबडीत हळूच टेबलावर ठेवली."

"पण तुम्ही कशाला दिलीत, काका?" बाईंनी विचारलं.

काकांनी फळ्याकडे पाहिलं. "बावीस वर्षं घंटा मी वाजवतोय, बाई. एक दिवस म्हणून पोरांच्या हातात गेली, की मग रोज कोणाचा तरी दात पडणारच. म्हटलं, आपणच जिंकलेलं बरं."

काकांना त्यांची दाढ परत मिळाली.

शाळा सुटताना फाटकाशी सहा पालक उभे होते आणि बाईंना आपलं पत्र डोळ्यांसमोर उडून जाताना दिसत होतं. मोठ्या बाईंनी आवाज चढवून सुरुवातही केली, की घडलेला प्रकार गंभीर आहे आणि याला जबाबदार कोण याची चौकशी होईल. तेवढ्यात इंजिनच्या आईने मुलाला विचारलं, की तुझा दात काढला कोणी. इंजिनने अभिमानाने मोठ्या बाईंकडे बोट दाखवलं. आईने मोठ्या बाईंकडे पाहिलं, मोठ्या बाईंनी आकाशाकडे पाहिलं. चौकशीचा विषय त्यानंतर कधीच निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी घेण्याआधी चिमणी टेबलाजवळ आली आणि तिने काड्यापेटी उघडून दाखवली. कापसावर एक छोटासा दात होता.

"सापडला?" बाईंना खरंच आनंद झाला. "कुठे गं?"

"कपाटात."

"आणि तो कपाटात कसा गेला?"

चिमणीने आवाज एकदम खाली आणला. "परवाच पडला होता. घरी. काल सकाळी दुखतंय म्हणून तोंडच उघडलं नाही. पडला म्हटलं असतं तर मग कोणी माझ्याकडे आलं नसतं." एवढं बोलून तिने बाईंचा चेहरा पाहिला आणि घाईने पुढे जोडलं, "पण शोधून मीच दिला ना, बाई."

रागवावं असं बाईंच्या मनात आलं. पण फळा कालपासून कोणी पुसला नव्हता आणि त्यावरचं वाक्य त्यांच्याच अक्षरात होतं. वर्गाने एकमताने निकाल दिला, की दात चिमणीचा आहे, तो शोधून दिलेला आहे आणि कोणी शोधायचा नाही असं कुठे लिहिलेलं नाही. मोठ्या बाईंकडे प्रकरण गेलं. दात हा शब्द ऐकूनच त्यांनी हात हलवून मंजुरी दिली.

शिपाईकाकांनी चिमणीला स्टुलावर उभं केलं आणि तीन वेळा बजावलं, की पहिला तास संपलाय, एकच टोला द्यायचा आणि दोरी सोडायची. चिमणीने मान डोलावली. तिने दोन्ही हातांनी दोरी धरली आणि एक टोला दिला. तो आवाज व्हरांड्यातून पटांगणात गेला, तिथून पलीकडच्या इमारतीवर आपटून परत आला आणि चिमणीच्या पोटात कुठेतरी जाऊन बसला. तिने दुसरा दिला. मग तिसरा. नंतर तिला मोजायचं भान राहिलं नाही.

काकांनी धावत येऊन तिला उचलून बाजूला केलं तेव्हा पहिली ते चौथी फाटकाबाहेर पडली होती. मुलं नव्हती, दप्तरं नव्हती, पहिली ‘अ’च्या बाईसुद्धा नव्हत्या. मोठ्या बाई ऑफिसातून धावत आल्या आणि त्यांनी घड्याळात पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

शिपाईकाका किल्ल्यांचा जुडगा घेऊन एकेका वर्गाला कुलूप लावत चालले होते.

"अहो, कुलपं काय लावताय?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"घंटा झाली, बाई," काका म्हणाले आणि पुढच्या दाराकडे वळले.

मोठ्या बाईंनी रिकाम्या पटांगणाकडे एकदा पाहिलं. मग ऑफिसला कुलूप लागायच्या आत त्या पळत गेल्या आणि आपली पर्स घेऊन आल्या.