नजमाची उजळणी

आमच्या शेजारची नजमा संध्याकाळी दोन कप चहा करते आणि दोन्ही एकटीच पिते. एका कपावर बशी झाकलेली, दुसरा उघडा. मध्ये मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलेलं. दर दोन मिनिटांनी ती दोन्ही कपांना बोट लावून पाहते आणि वहीत काहीतरी लिहिते. झाकलेला चहा उशिरा निवतो हे मला चौथी पास बाईलाही ठाऊक आहे. मी तिला तसं सांगितलं, तर म्हणाली, "हो काकू, पण किती उशिरा?" चहा निवेपर्यंत बघत बसायचं आणि मग निवलेलाच प्यायचा, याला हुशारी म्हणत असतील तर म्हणोत.

आमच्या ढाणकी गावात सगळे तिला मॅडम म्हणतात. ती शाळेत विज्ञान शिकवते. मी नजमाच म्हणते, कारण मी तिला शेंबडी असताना पाहिलेलं आहे. तिचे अब्बा मोटारपंप दुरुस्त करायचे आणि ही नटबोल्टचे पाने घेऊन त्यांच्यामागे हिंडायची. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणते, दोन-तीन नमुने पाहिले, निष्कर्ष निघाला नाही.

तिच्यापुढे ठामपणे काही बोलायची सोय नाही. पाऊस येतो आज, असं म्हटलं की ती विचारणार, "हा अंदाज हाय का निष्कर्ष?" पलीकडच्या सुमनबाईच्या नातवाचा ताप एका बाबाच्या गंड्यानं उतरला. सगळ्या बायका हात जोडून ऐकत होत्या. नजमानं विचारलं, त्याच आठवड्यात बिनागंड्याची किती पोरं बरी झाली? सुमनबाई पंधरा दिवस तिच्याशी बोलली नाही. त्या पंधरा दिवसांत सुमनबाई मला फार आवडली.

रोज पाच वाजता तिच्या ओसरीवर सहावी-सातवीच्या पोरांची उजळणी चाले. विज्ञानाची रीत काय, तर आधी निरीक्षण, मग प्रश्न, मग अंदाज, मग प्रयोग, मग नोंद आणि शेवटी निष्कर्ष. पुस्तकात अंदाजाला गृहीतक म्हणतात. ती पोरांना सांगे की परीक्षेत गृहीतक लिहा, माझ्यासमोर अंदाज म्हणा, म्हणजे तो चुकला तरी लाज वाटणार नाही. आणि दर दोन वाक्यांमागे अब्बांचं एक वाक्य यायचं: "एका टायमाले एकच बदल." दोन नट एकदम फिरवले आणि मोटार सुरू झाली, तर कशानं झाली ते कसं कळणार? एवढं एक वाक्य ती जूनपासून शिकवत होती. मी भिंतीच्या अलीकडून ऐकून ऐकून पाठ केलं.

माझी नात सोनल सातवीत होती. तीही तिथंच. खरं दुखणं ते होतं.

आधी सोनल सगळं मला विचारायची. पालीची तुटलेली शेपूट काहून हालते, चंद्र आपल्यामागं काहून येते. मी काहीतरी सांगायची, ती मान डोलावायची, दोघींचं भागायचं. नजमाकडे जायला लागल्यापासून तिनं प्रश्न विचारणं थांबवलं आणि माझ्या उत्तरांची तपासणी सुरू केली.

"आजी, हे तुले कसं माहीत?"

मी म्हटलं, माहीत हाय म्हणून माहीत हाय. "हे कारण नाही होत, आजी," ती म्हणाली. नजमासारखाच आवाज, नजमासारखाच हात हलवलेला. पुढच्या आठवड्यात तिनं भांगही मॅडमसारखा पाडला. मी घातलेली वेणी सोडून ठेवली. त्यानंतर दोन दिवस भाजीत मीठ जास्त पडलं.

ती वर्षं वाईट होती. आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात रोज यायचं आणि चांगल्या कारणानं कधीच यायचं नाही. कापसाला भाव नव्हता, पाकिटातलं बियाणं उगवेल याचा भरवसा नव्हता. त्या वर्षी माझ्या मुलाला दोनदा पेरावं लागलं. एका संध्याकाळी तो यावरच बोलत होता आणि सोनल ऐकत होती. माझी संधी आली असं मला वाटलं. मी म्हटलं, आमच्या काळी घरच्या सरकीला शेणमाती चोळून पेरत होतो. शेण चोळल्याबिगर सरकी उगवतच नाही.

"हा अंदाज हाय," सोनल म्हणाली आणि पळत नजमाकडे गेली.

नजमाला काय, तेवढंच पाहिजे होतं. तिनं तेलाचे दोन डबे कापले, खाली भोकं पाडली, दोन्हीत एकाच शेतातली माती भरली. मी जुनी सरकी काढून दिली. एकात शेण चोळलेल्या दहा, दुसऱ्यात कोऱ्या दहा. दोन्ही डबे आमच्या मधल्या भिंतीवर, ऊन सारखं. पाणी रोज सकाळी एक-एक वाटी. बदल एकच, शेणाचा. सगळ्या पोरांनी आपापले अंदाज वहीत लिहिले. सोनलनं काय लिहिलं ते मी चोरून पाहिलं. तिनं लिहिलं होतं, काही फरक पडणार नाही.

त्या ओळीनं माझं डोकं फिरलं. दुपारी सगळे शाळेत गेले की मी लोटा घेऊन भिंतीशी जायची आणि माझ्या, शेण चोळलेल्या सरकीच्या डब्यात ओतायची. जास्त पाणी, जास्त कोंब, असा माझा हिशेब. चार दिवस मी हे केलं. सत्तरीतल्या बाईनं हे करावं का? नाही करावं. मी केलं.

आठव्या दिवशी पोरं गोळा झाली. कोऱ्या सरकीच्या डब्यात आठ कोंब. माझ्या डब्यात दोन, तेही माना टाकलेले. पोरं हसली. सोनल हसली नाही. तिनं दोन्ही डब्यांतल्या मातीत बोट खुपसलं, वास घेतला आणि म्हणाली, "मॅडम, ही माती जास्त ओली हाय. बिया सडल्या." मग ती हळूहळू माझ्याकडे वळली. निरीक्षण तिला चांगलं यायला लागलं होतं.

तेवढ्यात नजमा बोलली. "पाणी माझ्या हातून दोनदा पडलं असंल. नोंद नाही केली मी. माझी चूक. प्रयोग बाद."

पोरांनी वहीत लिहिलं: मॅडमची चूक, प्रयोग बाद. मी घरात आले. माझ्यापेक्षा ती हुशार होती, हे मी कसंतरी गिळलं असतं. आता ती माझ्यापेक्षा चांगलीही निघाली. ते काही केल्या गिळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या दारात गेले. बसायलाही थांबले नाही. म्हटलं, पाणी मी घातलं.

"मालूम हाय, काकू. तुमचा लोटा दोन दिवस भिंतीवरच व्हता."

"मग पोराईसमोर खोटं काहून बोलली?"

"सोनल तुमच्याकडं पाहून राह्यली व्हती," ती म्हणाली.

 मग तिनं वही पुढं ओढली आणि विचारलं, ते शेण लावत कायले होते, ते तरी सांगा. इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं की सरकीला बारीक कापूस चिकटलेला असतो. तशीच पेरली तर बिया एकमेकीला धरून राहतात आणि सरत्यात, म्हणजे बी सोडायच्या बांबूच्या नळीत, गुंता होतो. शेणमाती चोळून वाळवली की एकेक बी सुटी पडते. उगवायचं म्हणाल, तर ते मी भरात बोलले होते.

नजमानं पेन खाली ठेवलं. "म्हणजे मी प्रश्नच चुकीचा धरला. पहिले तुमाले विचारायचं व्हतं. निरीक्षण सोडून मी अंदाजापासून सुरू केलं."

मला बरं वाटलं, ते मी लपवणार नाही. पण ती पुढं बोलतच राहिली, माझ्याकडे न बघता. "अब्बा असते तं पहिल्याच दिवशी बोलले असते. रोज रात्री जेवताना माझी एक तरी चूक काढत. आता कोणी काढत नाही. शाळेत पोरं भितात, गल्लीत लोक टाळतात. चुकलेलं तसंच राहून जाते, काकू." मग म्हणाली, "उद्या उजळणीला या ना."

गेले. पोरांसमोर शेण कालवलं, सरकी चोळून दाखवली आणि घरून चोळून-वाळवून आणलेली ओसरीवरच बांबूच्या नळीतून सोडली. कोरी सरकी गठ्ठा होऊन अडकली, चोळलेली एकेक करून खाली पडली. पोरं मोजत होती, सोनल नोंद करत होती. माझं काम संपल्यावर हात धुऊन मी सतरंजीच्या टोकाला बसले. शेजारी जागा ठेवली आणि सोनलकडे पाहिलं. ती वहीत डोकं घालून बसली होती, जागची हलली नाही.

नजमा खुर्चीवरून उठली आणि खाली माझ्याजवळ येऊन बसली. मी वाट पाहत होते ती हिची नव्हे. तरी मी थोडी सरकले.