ढोबळेकाकांचा नवा तोपखाना

जबलपूरच्या राइट टाउनमधले आमचे शेजारी ढोबळेकाका नवं गाणं कधी बसून ऐकत नाहीत. चपला काढायच्या, शर्टाची वरची गुंडी लावायची आणि राष्ट्रगीत लागल्यासारखं भिंतीशी ताठ उभं राहायचं. "बसून ऐकते ते भजन," ते म्हणतात. "रॉकले उभं राहा लागते, भाऊ!"

काका तोफांच्या कारखान्यातून निवृत्त झाले. 'तोपखाना' हा जबलपूरचाच बँड ते कॉलेजपासून ऐकत आलेत. गिटार कशी हवी, यावर त्यांचं मत पक्कं होतं : "शेजाऱ्यानं दार ठोकलं पाहिजे!" शेजारी म्हणजे मी. दार मी पुष्कळदा ठोकलं आहे.

मग बँडची नवी गाणी आली. संथ, जड. किंचाळणारी गिटार गायब, गायकाचा आवाज पार खर्जात. रविवारी बडा फुहारा चौकातल्या चहाच्या टपरीवर चाहत्यांची बैठक भरली. कापड दुकानवाले सोनीभैया गरजले, "ये तोपखाना नहीं, तोपखाने का वृद्धाश्रम है!"

सगळे हसले. आता काका तोफ डागणार, म्हणून आम्ही सरसावून बसलो. तोफ उलटीच फिरली.

"पहिले ऐका, मंग बोला. माणूस बदलते, त गाणं काहून नाही बदलणार?"

त्या दिवसापासून काका एकटे पडले. दर रविवारी भांडण. सोनीभैयांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, तर काका मुद्दाम समोरच्या बाकावर बसून नवंच गाणं गुणगुणत.

पुढे तोपखान्याचा कार्यक्रम गावात ठरला. काका चक्क काकूंना घेऊन आले. काकूंना अलीकडे कमी ऐकू येतं. त्यामुळे मला नवलच वाटलं. जुन्या गाण्यांवर मैदान नाचलं. नवं सुरू झालं आणि ओरडा उठला, "पुराना बजाओ!" गायक मध्येच थांबला. गिटारवाल्याला त्यानं जुन्याची खूण केली.

काका खुर्चीवर चढले. "अरे, पूरा तो सुनो! जवानीभर नचाया उसने तुमको, अब दो मिनट चुप नहीं बैठ सकते?"

मैदान चिडीचूप. गायक हसला, "दादा, आपके लिए," म्हणाला आणि गाणं पहिल्यापासून धरलं. दुसऱ्या ध्रुवपदाला काकांनी बेसूर आवाज लावला. मागची रांग त्यात मिसळली, मग तिच्या मागची. शेवटी तर हात उंचावून गाणाऱ्यांत सोनीभैया सर्वांत पुढे! गाणं संपलं तेव्हा तीच मंडळी "एक बार और!" म्हणून ओरडत होती.

"मान गए, ढोबळेजी!" सोनीभैयांनी काकांना मिठीच मारली.

बाहेर पडताना मी विचारलं, "काका, खरंच तुम्हाला हे जुन्यापेक्षा आवडतं?"

काकू चार पावलं पुढे होत्या. काका हळूच म्हणाले, "मले जुनंच आवडते. पण त्यातलं हिले काही समजतच नाही, कानात नुसती करकर होते म्हणते. हे खालचे सूर पोचून राहिले तिच्यापर्यंत. इतके दिवस एकटाच ऐकत होतो ना मी."

पुढे काकू तेच गाणं मोठ्यानं गात चालल्या होत्या. दुसऱ्या ओळीला त्या अडल्या. काका झपाझप पुढे गेले आणि त्यांच्या कानाशी वाकून ती ओळ म्हणू लागले.