टिपणीस काकांच्या आठ पुड्या

"आ कर. गिळ. गिळ म्हणतो ना! शाब्बास."

महिन्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून हा आवाज आला, की समजायचं, तळमजल्याचे टिपणीस काका त्यांच्या लिलींना खत घालताहेत. कोपर स्टेशनजवळच्या आमच्या इमारतीमागे, काकांचं मागचं दार आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये एक चिंचोळी जागा आहे. तिथे त्यांनी सिमेंटचा हौद बांधलाय. हौदाच्या तळाशी वॉटर लिलीच्या आठ कुंड्या. बहात्तर वर्षांचे काका हाफ पँट घालून गुडघाभर पाण्यात वाकलेले असतात. हात खांद्यापर्यंत बुडालेला, गाल पाण्याला टेकलेला, आणि तोंडाने ही विनवणी चालू.

आल्यागेल्याने फुलांना कमळ म्हटलं, तर काका अंगावर विंचू पडल्यासारखे दचकतात. "कमळ नव्हे! कमळाचं पान पाण्याच्या वर उभं राहतं. हिचं पाण्यावर लोळतं. दिसत नाही?"

काका वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले, पण ते फक्त कागदावर. स्टेशनबाहेरचे भाजीवाले अजूनही त्यांना लांबून बघून काटा पुसायला घेतात. "माप म्हणजे माप," हे त्यांचं दर तिसरं वाक्य. लिलींचं खतही ते सोनाराच्या तराजूत तोलतात. शेणखत, हाडांचा चुरा, निंबोळी पेंड. मग त्याच्या पुड्या बांधायच्या, त्याही वर्तमानपत्राच्या अग्रलेखाच्या पानात.

"तेच पान का हो?" दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकूंनी एकदा विचारलं.

"बाकीच्या पानांवर रंगीत शाई असते, ती झाडाला नको. आणि अग्रलेख कोणीतरी पचवायला हवा ना!"

कुलकर्णी काकूंचं आणि हौदाचं जुनं वैर आहे. "तुमच्या या डबक्यामुळे डास होतात, टिपणीस."

"माझ्या हौदात गप्पी मासे आहेत, एक अळी शिल्लक ठेवत नाहीत. तुम्ही तुमच्या फ्रिजमागचा ट्रे बघा. कधी ओतलात शेवटचा?"

त्या दिवशी दुपारी वरून फ्रिज सरकवल्याचा आवाज आला.

हे सगळं मला माहीत, कारण मी पहिल्या मजल्यावर, बरोबर हौदाच्या डोक्यावर राहते आणि घरूनच काम करते. कॉफीचा मग घेऊन खिडकीत उभी राहिले, की काका मान वर न करता मला बातमी देतात. "आज पिवळी नऊ चाळीसला उघडली. काल नऊ पस्तीस. ढिलाई चाललीय."

मी म्हणते, "हो."

तीन वर्षं आमचं संभाषण एवढंच होतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. काका "अठ्ठ्याहत्तर ग्रॅम" म्हणाले, की तो आकडा मनात लिहून बघेपर्यंत ते पुढच्या कुंडीवर गेलेले असतात. पुन्हा विचारायचं मला सुचत नाही. खरं तर सुचतं, पण धीर होत नाही. "हो" म्हटलं की माणसं लवकर सोडतात, हे मला शाळेतच कळलेलं.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात काका आमच्या दारात पुठ्ठ्याचा खोका घेऊन उभे राहिले, तेव्हाही मी "हो"च म्हटलं.

"सई, मी पंधरा दिवस नाशिकला जातोय, पुतण्याकडे. यात आठ पुड्या आहेत. बुधवारी सकाळी एकेका कुंडीला एकेक द्यायची. मला बघितलंयस ना देताना?"

"हो."

"जमेल?"

"हो."

"काही अडलं तर माझा नंबर खोक्यावर लिहिलाय. मोठा लिहिलाय."

हौदाला कोणी बोट लावलेलं काकांना खपत नाही. एका पाहुण्याने पान उचलून खाली डोकावून बघितलं, तर काकांनी त्याला चहा दिला नव्हता. त्यामुळे मला जरा मोठं काही मिळाल्यासारखं वाटलं.

पण मी त्यांना वरून बघितलं होतं. वरून हात पाण्यात गेलेला दिसतो, तो खाली काय करतो ते दिसत नाही. बुधवारी मी हौदाच्या काठावर बसले आणि प्रत्येक कुंडीवर नेम धरून एकेक पुडी पाण्यात सोडली. "गिळ" म्हणायची लाज वाटली, म्हणून मनातल्या मनात म्हटलं.

शुक्रवारी पाणी गढूळ झालं. रविवारी हिरवं. सोमवारी सकाळी कुंड्याच दिसेनात आणि गप्पी मासे पाण्याच्या वर तोंडं काढून हवा ओढत होते. मी फोनवर मेसेज लिहिला, पुसला, परत लिहिला. माशांकडे बघितलं आणि शेवटी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"काका, सई बोलतेय. पाणी हिरवं झालंय."

"किती हिरवं? पोपटी, की पालक?" आवाज खूपच बसलेला होता.

"पालक. मासे वर आलेत. काका, सॉरी, मी पुड्या पाण्यात टाकल्या नुसत्या."

"चिखलात खोचायच्या असतात गं, अंगठ्याने, आत. पाण्यात विरघळलं की ते लिलीला मिळत नाही, शेवाळाची दिवाळी होते. बरं, रडू नकोस. लिहून घे."

आधी कागदाचे लगदे जाळीने काढायचे. मग रोज बादल्यांनी थोडं पाणी उपसून झाडांना घालायचं. तेवढंच नळाचं पाणी आदल्या दिवशी भरून उघडं ठेवायचं, औषधाचा वास उडाला की सोडायचं. संध्याकाळी फोन करायचा.

एवढ्या बादल्या माझ्याकडे नव्हत्या. मी दुसऱ्या मजल्यावर जाऊन कुलकर्णी काकूंची बेल वाजवली.

"अगोबाई, तू बोलतेस?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तुला नुसती मान हलवता येते." आणि त्यांनी तीन बादल्या दिल्या. शिवाय मागून स्वतःही उतरल्या. "मासे मेले तर परत डास होतील, म्हणून हं. त्यांच्या कमळांसाठी नाही."

रोज संध्याकाळी मी काकांना फोन करायचे. आजचा रंग, किती बादल्या, पिवळी किती वाजता उघडली. ते प्रश्नांतून प्रश्न काढत राहायचे. तिसऱ्या दिवशी त्यांच्यामागून कोणीतरी म्हणालं, "आजोबा, फोन ठेवा आता, बीपी बघायचंय. टाके दुखतायत का?"

"काका, तुम्ही कुठे आहात?"

"ठाण्यात."

"नाशिकला गेलेलात ना?"

"नाशिकच इथे आलं होतं. पुतण्या येऊन सही करून गेला, बायपाससाठी. त्यालाही नोकरी आहे."

मी हॉस्पिटलचं नाव विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ठाण्याला गेले. आयुष्यात पहिल्यांदा रिसेप्शनवर, लिफ्टमध्ये आणि वॉर्डच्या दारात अशी तीनदा स्वतःहून चौकशी केली. काका खिडकीजवळच्या कॉटवर होते, निम्मे झाल्यासारखे. उशीशी फोन.

मी सोबत हौदाचे फोटो नेले होते. पाणी पोपटीवर आलं होतं, मासे सगळे जिवंत होते. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक फोटो मोठा करून बघितला.

"काका, खरंच सॉरी. तुमच्या एवढ्या वर्षांच्या मेहनतीची मी वाट लावली."

"तुझी चूक अर्धीच. खत मुळात दुप्पट झालं." ते छताकडे बघत म्हणाले. "निघायच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांना पोटभर देऊन आलो होतो. महिनाभर बघायला लागलं नसतं."

मला कळेना. एका ग्रॅमसाठी तराजू दोनदा पुसणारा माणूस.

"मग मला पुड्या कशाला दिल्यात?"

"वाटलं, बुधवारी दिल्यावर तू विचारशील, काका, बरोबर दिलं का. माणूस विचारतो ना. बुधवारपासून फोन उशाशी घेऊन बसलो होतो." त्यांनी चादरीची कड सरळ केली. "तू काही विचारतच नाहीस, ते लक्षात नाही आलं माझ्या."

"नुसतं फोन कर म्हणाला असतात तरी केला असता, काका."

"नुसतंच कसं सांगायचं कुणाला?"

मी स्टूल कॉटजवळ ओढलं. हे मलाही कधी जमलेलं नाही, असं त्यांना सांगणार होते, पण आधी पिवळीचं सांगितलं. तिला दोन कळ्या होत्या, एक पाण्याखालीच, गढुळात हात घालून मी ती चाचपली होती. मग कुलकर्णी काकूंच्या बादल्यांचं सांगितलं. काका हसले आणि टाके दुखू नयेत म्हणून छातीवर उशी दाबून धरली. भेटायची वेळ संपली म्हणून सिस्टर दोनदा दारात येऊन गेल्या. मी बोलतच होते.